एलिमेंटल किती?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या मेडिकलमधून काही आणायचं असेल, तर आत जाधवकाका आहेत का ते आधी बाहेरूनच बघून घ्यावं. असले, तर सरळ कोपऱ्यावर जाऊन एक कटिंग पिऊन यावा. काका काउंटरवर असले की रांग हलत नाही. मागचा माणूस तापाने फणफणलेला असो, त्याच्या मागच्या बाईच्या कडेवर पोर किंचाळत असो. काकांच्या हातात बाटली असते, ती पाठमोरी धरलेली असते, चष्मा कपाळावर गेलेला असतो आणि कुणा एलआयसी एजंटाने कधीकाळी दिवाळीला दिलेलं भिंग बाटलीवरून मुंगीच्या चालीने सरकत असतं. काउंटरवरचा पप्पू तेवढ्यात मोबाइलवर दोन षटकं बघून घेतो.

मग काका मान वर करतात. मागच्या रांगेला वाटतं, सुटलो.

"पप्पूशेठ, हे कॅल्शियम बाराशे पन्नास लिहिलंय. एलिमेंटल किती?"

पप्पू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी मामाच्या दुकानात उभा राहतो. सुरुवातीला तो "काका, सगळे हेच नेतात" असं सांगायचा. हल्ली सांगत नाही. "सगळे नेतात म्हणून आपण न्यायचं आणि आपण नेतो म्हणून सगळे नेणार. लोकलमध्ये चढताना ठीक आहे रे हे, गोळी गिळताना नाही," हे त्याला तोंडपाठ झालंय.

'एलिमेंटल' हा काकांचा मंत्र. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५००, बाकीचं कार्बोनेट. शंभराला चाळीस. कॅल्शियम सायट्रेटमध्ये तर शंभराला एकवीसच. लोहाचं, झिंकचं, मॅग्नेशियमचं असंच. हे काका ज्याला त्याला नारळावरून समजावतात. "नारळ पाऊण किलोचा घेतलास. शेंडी, करवंटी, पाणी गेलं. खोबरं किती? वाटपात खोबरं जातं की करवंटी?" कुणी म्हणालं की काका, एवढं कोण बघतं, तर ते क्षणभर थांबून म्हणतात, "तेच तर. पुढे चित्र, मागे चरित्र. लोक चित्र बघून घेतात."

बाटलीच्या दर्शनी भागावर धावणारा माणूस, डोंगर, सूर्य, संत्र्याची फोड असं काहीबाही असतं. काकांनी तो भाग कधी बघितला असेल असं मला वाटत नाही. एकदा मी विचारलं, "काका, ती निळी बाटली कुठली हो?" तर ते म्हणाले, "निळी? निळी-बिळी मला माहीत नाही. झिंक साडेसात आणि सेलेनियम चाळीस, तीच ना?"

काका रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झाले. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावकडचं. पण एकतीस वर्षं सीएसएमटीला बिलं तपासण्यात गेली. त्यामुळे एलिमेंटलचं तत्त्व ते फक्त गोळीपुरतं ठेवत नाहीत. त्यांच्या भाचीला स्थळ आलं, मुलाचं पॅकेज अठरा लाख. सगळं घर हरखलं. काकांनी मुलाच्या वडिलांना चहाचा कप हातात देतानाच विचारलं, "अठरा ठीक. एलिमेंटल किती?" त्या गृहस्थांना वाटलं, हे गोत्र विचारतायत. मग पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल वगैरे सोलून काकांनी महिन्याचं खोबरं काढून दाखवलं. लग्न झालं, चांगलं चाललंय. पण जावई अजून काकांना जरा बिचकून असतो. बिल्डरला त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन चाळीस मिनिटं बोलले, तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला, "एलिमेंटल दीड मिनिट."

त्यांची एक वही आहे. रेल्वेतल्या जुन्या लेजरचे कोरे ताव शिवून केलेली. तिच्यात प्रत्येक गोळीला एक पान. किंमत, गोळ्या, घटक, आणि सगळ्यात उजवीकडे लाल शाईत 'रोज किती पडतं'. या लाल रकान्यापायी काकांनी भल्याभल्या बाटल्यांना घाम फोडलाय. मी एकदा मोठ्या हुशारीने साठ गोळ्यांची सहाशे रुपयांची बाटली आणली. "काका, दहा रुपये रोज. एका वडापावाच्याही आत." काकांनी बाटली घेतली, फिरवली, भिंग लावलं आणि एका ओळीवर नख टेकवलं. सर्व्हिंग साइज : दोन गोळ्या. वरचे सगळे आकडे दोन गोळ्यांचे होते. म्हणजे माझी बाटली महिनाभराची, आणि रोजचे वीस. काका काही बोलले नाहीत. नुसतं नख तिथेच ठेवलं. ते नख मला आजही दिसतं.

घटकांच्या संख्येवर भाळणाऱ्यांचा त्यांना विशेष राग. 'चौतीस पोषक घटक' असं कुठे छापलेलं दिसलं की म्हणतात, "लग्नपत्रिका आहे ही. खाली 'आपले नम्र' म्हणून चौतीस नावं. त्यातले मांडवात कामाला चार. बाकीचे जेवायला." मग जिनसेंग पाच मिलिग्रॅम, ग्रीन टी दहा मिलिग्रॅम असली नावं एकेक करून दाखवतात. "एवढ्या ग्रीन टीत मुंगीला तरी चहा होईल का?" आणि जिथे दहा-बारा घटकांचं मिळून एकच वजन दिलेलं असतं, कशाचं किती ते गुलदस्त्यात, ती बाटली तर ते हातातही धरत नाहीत. "भेळवाला म्हणाला, सगळं मिळून शंभर ग्रॅम, कुरमुरे किती न् शेव किती विचारू नका, तर घेशील का? कुरमुरेच असणार सगळे."

टक्क्यांचंही तसंच. लेबलावर रोजच्या गरजेचे टक्के असतात. कुठे बी-वन हजार टक्के दिसलं की काका विचारतात, "शंभरापैकी हजार मार्क कुठल्या बोर्डात मिळतात?" गरज किती ते त्यांना पाठ आहे. आयसीएमआरच्या २०२० सालच्या तक्त्याप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह, बाईला २९. त्यामुळे नवरा-बायकोला एकच 'फॅमिली पॅक' विकणाऱ्याला ते विचारतात, "दोघांना एकाच मापाची चप्पल देता का?" चपलेचा दृष्टान्त त्यांच्या तोंडी अधूनमधून येतो. त्याचं कारण मला बरंच उशिरा कळलं.

कायद्याचा भाग आला की काका खुलतात. मेडिकलच्या एकाच कपाटात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बाटल्या ते काढून ठेवतात. एकीवर औषधाचा परवाना. तिला औषधांचे १९४५ सालचे नियम लागू, कोणतं व्हिटॅमिन किती असावं याचं परिशिष्टच आहे त्यात. दुसरीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. ती अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली, सप्लिमेंटच्या नियमांत. या दुसरीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषध म्हणून वापरू नये. "म्हणजे कायद्याच्या नजरेत हा लाडू आहे," काका म्हणतात. "लाडू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण लाडू मेडिकलमधून घेतोय आणि लाडवाच्या तिप्पट भावात घेतोय, हे माणसाला माहीत असावं."

एक ओळ मात्र त्यांची लाडकी आहे. औषधाच्या परवान्यातल्या व्हिटॅमिनच्या पाकिटावर पुष्कळदा छापलेलं असतं, 'अप्रोप्रिएट ओव्हरेजेस ऑफ व्हिटॅमिन्स अ‍ॅडेड'. साठवणीत व्हिटॅमिनं हळूहळू उतरतात, म्हणून बनवतानाच थोडी जास्त घालतात. काका ती ओळ वाचताना आवाज मऊ करतात. "अख्ख्या बाजारात झुकतं माप देणारा आणि वर छापून सांगणारा हा एकच बघ. दूधवाल्याने कधी लिहिलंय का?"

आणि पट्टी कापण्याचं शास्त्र. पाच गोळ्या मागितल्या की पप्पू कात्री घेतो. काका ओरडतात, "थांब! तारखेकडून नको!" पट्टीच्या एका टोकाला एक्स्पायरीची तारीख असते, तेच टोक गिऱ्हाइकाला गेलं की दुकानात उरलेली अर्धी पट्टी बिनतारखेची. मग ती किती वर्षं गल्ल्याशेजारच्या खोक्यात पडून राहील याचा नेम नाही. काकांच्या धाकाने आमच्या मेडिकलमध्ये आता पट्टी नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापतात. आमच्या भागात काकांनी केलेली सामाजिक सुधारणा कोणती असं कुणी विचारलं, तर मी ही सांगेन.

घरी काकूंचं राज्य. काकू माळकरी आहेत. काका स्वतः रविवारी स्टेशनाबाहेर जाऊन मटण थाळी खाऊन येतात आणि बाहेरच चूळ भरतात. काकूंच्या गळ्यातल्या माळेने मात्र काकांच्या संशोधनाला भलत्याच वाटा फोडल्या. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं. म्हणजे कॅप्सूल बाद, गोळी पाहिजे. मग कुठूनसं कळलं की डी-थ्री बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबट मेणापासून करतात. दोन दिवस काका घरात गप्प होते. शेवटी धीर करून काकूंना सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "मेंढी मारतात?" "नाही, लोकर कातरतात." "मग त्यात काय? विठोबाला घोंगडी चालते." प्रश्न मिटला. काकांनी वहीत त्या पानावर 'मंजूर' लिहून खाली तारीख टाकली.

फ्रिजवर काकूंच्या गोळ्यांचं वेळापत्रक आहे. मध्य रेल्वेच्या वेळापत्रकासारखे रकाने. थायरॉइडची गोळी पहाटे अनशापोटी. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम किंवा लोह नाही. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, दोघं एकमेकांना अडवतात. लोहाबरोबर लिंबू पाणी, पण चहा तासभर लांब. डी-व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं, म्हणून जेवणानंतर, त्या दिवशी भाकरीवर तूप जरा जास्त. "एकाच रुळावर दोन गाड्या सोडल्या की एक सायडिंगला जाणार," असा त्यामागचा रेल्वेमान्य सिद्धान्त. काकूंनी या सगळ्याला एकच विरोध केला, चहाच्या बाबतीत. दुपारी साडेतीनचा चहा कुठल्याही गाडीसाठी थांबणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि काकांना लोह फास्ट रात्रीवर ढकलावी लागली.

बी आणि सी पाण्यात विरघळणारी, ए, डी, ई, के चरबीत, हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. काका ते चाळीच्या भाषेत सांगतात. "बी आणि सी म्हणजे गावाकडचे पाहुणे. जास्त आले तरी दोन दिवसांत जातात. ए, डी हे पागडीवाले. एकदा शिरले की निघायचं नाव नाही." हे त्यांचं ज्ञान एकदा खरोखर कामाला आलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी डी-व्हिटॅमिनची साठ हजार युनिटची पुडी दिली होती, आठवड्यातून एकदा. गृहस्थ रोज घेत होते. तब्येतीत फरक पडला पाहिजे ना लवकर! काकांनी जिन्यात सहज विचारलं, "कितवी पुडी?" ते म्हणाले, "पाचवी. सोमवारपासून सुरू केलीय." त्या दिवशी शुक्रवार होता. काकांनी त्यांना पायांतल्या सपातांसकट डॉक्टरांकडे नेलं. परत येताना समजावत होते, "साठ हजार आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका, वजन काढलं तर दीड मिलिग्रॅम आहे. पण दीड मिलिग्रॅमचा पागडीवाला आहे तो!"

दुसऱ्या एका वहिनींनी केस गळतात म्हणून बायोटिनच्या जबर गोळ्या सुरू केल्या होत्या आणि त्यांचा थायरॉइडचा रिपोर्ट एकाएकी बिघडला. घरात रडारड. काकांनी रिपोर्ट बघितला नाही, केसांच्या गोळीची बाटली मागवून पाठीमागून वाचली. बायोटिन जास्त घेतलं की रक्ताच्या काही तपासण्या फसतात, तुम्ही डॉक्टरांना ही बाटली दाखवली का, एवढंच विचारलं. दाखवली नव्हती. ती गोळी काही दिवस थांबवून डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं, रिपोर्ट ठीक आला. वहिनींनी काकांना खरवस पाठवला. काकांनी कॅल्शियमच्या रकान्यात त्याची नोंद केली.

यामुळे ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय : 'व्हिटॅमिन : समज आणि गैरसमज', वेळ वीस मिनिटं. काका थेट जावा बेटावरून निघाले. १८९० च्या सुमारास तिथे आयकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या कोंबड्या लंगड्या पडल्या आणि मग आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतला तर असं निघालं, की मधे कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला पांढरा सडीक भात जात होता. पुढे आचारी बदलला आणि नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. कोंबड्या पुन्हा कोंड्याच्या तांदळावर आल्या आणि चालायला लागल्या. आयकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. इथे काकांचा कंठ दाटून आला. "नोबेल कुणाला मिळालं ते सगळे सांगतात. पण शोध कशामुळे लागला? एका आचाऱ्याने एका हेडचा माल दुसऱ्या हेडला टाकला नाही, म्हणून! अकाउंट्सचा माणूस होता तो!" वीस मिनिटं इथेच संपली. व्हिटॅमिन हा शब्द १९१२ साली आला, तोवर तरी पोचावं म्हणून काकांनी घाई केली, पण अध्यक्षांनी प्रश्नोत्तरं जाहीर केली. प्रश्न एकच आला. गोळी घेतली की लघवी पिवळीधम्मक होते, ती उष्णतेने का? काका म्हणाले, "नाही. बी-टू आहे ते, जास्तीचं. तुमचेच पैसे आहेत, जाताना निरोप घेतायत." त्यानंतर संघातल्या निम्म्या लोकांनी गोळ्या बंद केल्या आणि काकांना पुढच्या वर्षी बोलावलं नाही.

काकांची मुलगी न्यू जर्सीला असते. दर वेळी येताना तीनशे गोळ्यांची एक थोरली बाटली आणते. एकेक गोळी मोठ्या वालाएवढी. काका त्या बाटलीचं कौतुक करतात, यूएसपीचा शिक्का आहे का बघतात, पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या गोळीत लोह घातलेलं नाही हे बघून मान डोलावतात. मग डॉलरचा भाव विचारून लाल रकाना भरतात. "बाबा, पैशांचं काय एवढं!" ती म्हणते. काका ऐकत नाहीत. ते भागाकार करत असतात. गेल्या खेपेला नातवाच्या बॅगेतून अस्वलाच्या आकाराच्या गोड व्हिटॅमिन गोळ्या निघाल्या. नातू चार-चार मागत होता. लेकराला गोळी औषधाची आहे हे कळत नाही आणि लोहाच्या गोळ्या पोरांनी खाऊ म्हणून खाल्ल्या तर जिवावर बेततं, म्हणून काकांनी घरातल्या झाडून सगळ्या बाटल्या कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवल्या. शेअर सर्टिफिकेटं बाहेर काढून. नातू महिनाभर आजोबांच्या लॉकरकडे असा बघायचा, जसा आमच्या लहानपणी आम्ही आजीच्या फडताळाकडे बघायचो.

हे सगळं सुरू कधी झालं ते काकांनी मला एकदाच सांगितलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर, माझ्याकडे न बघता.

काकूंच्या पायांना मुंग्या यायच्या. बारा वर्षांची साखर, मेटफॉर्मिन चालू. तळपाय बधिर वाटतात, म्हणायच्या. काका म्हणाले, चप्पल बदल. नवी घेऊन दिली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. काकांनी गोखले रोडवरून तिच्याहून महागाची, मऊ तळव्यांची घेऊन दिली. मग एका सकाळी काकू देव्हाऱ्यासमोरून उठताना तोल जाऊन पडल्या आणि डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगितलं. दोनशेच्या वर हवं, तिथे शंभरही नव्हतं. बी-ट्वेल्व्ह भाजी-भाकरीत नसतं. माळकरी बाईला मिळणार ते दुधा-दह्यातून, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलं की आहे तेही अंगाला नीट लागत नाही.

"घरात मल्टिव्हिटॅमिन होतं रे," काका म्हणाले. "चार वर्षं मीच आणत होतो. सोनेरी झाकणाचं. दुकानात सगळ्यात महाग तेच होतं. त्या रात्री पहिल्यांदा उलटं करून वाचलं. बत्तीस घटक. बी-ट्वेल्व्ह एक मायक्रोग्रॅम." थोडं थांबून म्हणाले, "ऑफिसात मी दहा रुपयांचं व्हाउचर दोनदा बघायचो."

मग आम्ही बराच वेळ तलावातल्या बोटी बघत बसलो. त्यांनी कुणाला एलिमेंटल विचारलं नाही.

इंजेक्शनं झाली. काकूंच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पुरत्या गेल्या नाहीत. चपलांचे दोन्ही जोड त्या आलटून पालटून वापरतात. टाकायच्या कशाला, एवढ्या महागाच्या आहेत, म्हणतात. काका तेव्हापासून दोन गोष्टी प्रत्येकाला सांगत सुटलेत. एक, ज्याची कमतरता आहे त्याचं औषध घ्या, मल्टिव्हिटॅमिन हे काही कमतरतेचं औषध नाही. त्यात सगळं चिमूटचिमूट असतं. दुसरी, आधी रक्त तपासा, मग दुकानात जा. लोक दुकानात आधी जातात. काकाही जातात, रोज. पण ते लोकांना परत पाठवायला.

गेल्या पावसाळ्यात मला फार थकवा यायला लागला आणि मी, मूर्खासारखा, काकांना विचारलं, "एखादी चांगली, परवडणारी मल्टिव्हिटॅमिन सुचवा ना." काकांनी दोन महिने मागून घेतले. कोपरीपासून गोखले रोडपर्यंतची सगळी मेडिकलं झाली. जनऔषधी केंद्रात तीन चकरा झाल्या. तिथली पट्टी श्रावणातल्या कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा स्वस्त निघाली म्हणून तिची एलिमेंटल बेरीज त्यांनी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा बरोबर आली म्हणून तिसऱ्यांदा केली. एका दुपारी छत्री घेऊन मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात जाऊन आले. मधूनमधून रात्री दहाला बेल वाजायची. दारात काका, हातात वही. "तू चहा जेवणानंतर लगेच घेतोस की अर्ध्या तासाने?" किंवा, "मासे आठवड्यातून किती वेळा? खरं सांग." एकदा नुसतंच, "झोपला नव्हतास ना?"

दोन महिन्यांनी निकाल लागला. वहीत माझं स्वतंत्र पान होतं. गोळ्यांची अकरा नावं, अकरा लाल आकडे, आणि अकरांवर आडवी रेघ. खाली लिहिलं होतं : 'बी-ट्वेल्व्ह, डी, हिमोग्लोबिन तपासणे. रात्री बारापर्यंत मोबाइल बंद करणे. नाचणीची भाकरी.' नाचणीपुढे कंसात, शंभर ग्रॅममागे कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आणि त्यापुढे लाल रकान्यात नाचणीचा रोजचा खर्च, पैशांपर्यंत.

"आणि काहीच निघालं नाही रिपोर्टात, तरी गोळी घ्यावीशी वाटली, तर?" मी विचारलं.

"तर ही घे." त्यांनी जनऔषधीच्या पट्टीचं नाव दाखवलं. "फार फायदा होईल असं नाही. पण खिशाला कळणार नाही."

"काका, तुम्ही स्वतः कोणती घेता?"

"मी?" काकांना प्रश्नच समजला नाही. "मी कशाला घेऊ? माझा रिपोर्ट नॉर्मल आहे."

माझं डी कमी निघालं. डॉक्टरांनी पुडी दिली, आठवड्याला एक. काका दर रविवारी सकाळी खालून हाक मारून कितवी ते विचारतात.

काका साडेसहा ते साडेसात मेडिकलमध्ये असतात. रविवारी दुकान दुपारी बंद होतं, म्हणून सकाळी अकराला. कधी कोपरीकडे आलात आणि तुम्हाला शक्तीची एखादी बाटली घ्यायचीच असली, तर काउंटरवर जायच्या आधी ती उलटी करून सर्व्हिंग साइज, एलिमेंटल आणि तारीख तेवढी वाचून घ्या. नाही तर काका वाचून दाखवतील, आणि तुमच्या मागे रांगेत आम्ही चौघं-पाचजण उभे असतो.